फ्लॉप शो नावालाच फ्लॉप हो
कुणीतरी म्हटलंय की 'फ्लॉप शो' ही दूरदर्शनवरची विनोदी मालिका चालली नाही म्हणून १० भागांत आटोपली, ते मला अजिबात पटलं नाही. १९८९ साली आमच्या देवगडात वाडीत एकच ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, वारा सुटला की अँटेना फिरायचा, मग एकजण कौलांवर चढून ओरडणार "आलं काय रे?" आणि पडवीतून आम्ही सगळे "हलवू नको, हलवू नको!" जसपाल भट्टींचं लेखन-दिग्दर्शन, सविता भट्टी निर्मात्या आणि पडद्यावरही त्यांची बायको, मोठे सेट वगैरे काही नाही. एका भागात गाईडच्या घरची कामं उपसणारा पीएचडीवाला बघून आमचे काका, स्वतः मास्तर, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले होते. आणि सरकारी कारभाराची अशी खिल्ली चक्क दूरदर्शनवर! भागाच्या शेवटचं विडंबन गाणं तर दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांच्या तोंडी.