अनुभव धागा : प्रचाराचा मजकूर आपल्यापर्यंत कसा पोहोचतो?

ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी, निवडणुकीच्या दिवसांत हाती आलेल्या मजकुराची शहानिशा कशी केली, याचा स्वतःचा अनुभव लिहावा, ही विनंती.

नौपाडा : आमचा छापखाना वडिलांच्या काळापासूनचा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापावे लागतात. शिवाय प्रकाशकाने आपल्या ओळखीचे घोषणापत्र, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांनिशी, दोन प्रतींत द्यायचे असते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत एक तरुण पाच हजार पत्रकांचे काम घेऊन आला. मजकूर एका उमेदवाराच्या घरातील भांडणाविषयी होता आणि तळाची बारीक टायपातली नावांची ओळ पेनाने खोडलेली होती. मी घोषणापत्राचा नमुना पुढे केला, तेव्हा त्याने दुप्पट दर सांगितला. मी काम परत केले. तिसऱ्या दिवशी तेच पत्रक आमच्या जिन्यात पडलेले मिळाले. तळाची जागा कोरी होती. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ते छापणारा आमच्याच व्यवसायातला कोणीतरी होता.

ऐरोली : २००९ साली मी एका दैनिकात वार्ताहर होते. एका सभेत महिलांनी उमेदवाराला पाण्याच्या वेळेबद्दल उभे राहून विचारले आणि त्याला उत्तर देता आले नाही. मी ते लिहिले. छापून आला तो ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’. त्या उमेदवाराने ‘पॅकेज’ घेतले आहे, म्हणजे पैसे देऊन अनुकूल बातम्या छापून घेण्याचे ठरवले आहे, असे मला नंतर सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी भारतीय वृत्तपत्र परिषदेने पेड न्यूजवर अहवाल दिला, पण त्या महिलांचा प्रश्न कोणत्याच अंकात आला नाही, याची बोच आजही आहे.

घणसोली : मे २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि विचारायला नगरसेवक उरला नाही, तेव्हा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप हेच आमचे वर्तमानपत्र झाले. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाच्या पाण्याविषयी आदेश निघाल्याचा संदेश एका पक्षाच्या नावाने आला, तेव्हा मी विभाग कार्यालयात जाऊन विचारले. असा कोणताही आदेश नव्हता. मी तसे ग्रुपवर लिहिले, आणि मूळ संदेश टाकणाऱ्या शेजारच्या काकांनी तो स्वतःहून काढला.