गेटवे एसटीपीवरची स्क्रीनिंग: सगळं बंद ठेवून मोजकं उघडायचं, की काम फायरवॉलवर सोडायचं?

लिंकसेट_नऊ (धागा सुरू करताना)

एसएस७ म्हणजे मोबाइल जाळ्यांची आपसातली सिग्नलिंग यंत्रणा, आणि गेटवे एसटीपी म्हणजे परदेशी जाळ्यांचे संदेश आत घेणारा तिचा सीमेवरचा स्विच. त्याच्या आंतरराष्ट्रीय लिंकसेटवर (दुसऱ्या नोडला जोडणाऱ्या दुव्यांच्या गटावर) स्क्रीनिंग, म्हणजे संदेशांची गाळणी, म्हणून बऱ्याच ठिकाणी एवढंच सापडतं: ओळखीच्या ओपीसींची (पाठवणाऱ्या नोडच्या पॉइंट कोडांची, म्हणजे जाळ्यातल्या क्रमांकांची) यादी, आणि शेवटी 'बाकी सगळं जाऊ द्या'. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, मागे फायरवॉल (संदेशाचा आतला मजकूर तपासणारी यंत्रणा) आहे. माझं म्हणणं उलट आहे. साखळीचा शेवटचा नियम 'नाकारा' हाच हवा, आणि तोही गेटवेवरच.

ओपीसीवर विसंबून काहीच हाती लागत नाही. मधल्या कॅरियरने जीटी भाषांतर केलं (ग्लोबल टायटल या फोन नंबरसारख्या पत्त्यावरून पुढची वाट ठरवली) की ओपीसी त्याच्या एसटीपीचा होतो, खरा पाठवणारा दिसतो तो फक्त कॉलिंग पार्टीच्या (पाठवणाऱ्याच्या) जीटीत. म्हणून माझी साखळी अशी: ओपीसी, मग एसआयओ (संदेश कुठल्या सेवेचा ते सांगणारा बाइट), मग डीपीसी (जिथे पोचायचं त्या नोडचा पॉइंट कोड), मग कॉलिंग पार्टी, भाषांतर प्रकार (जीटी कुठल्या तक्त्याने वाचायचा तो क्रमांक) आणि शेवटी कॉल्ड पार्टी (ज्याला संदेश पाठवला तो). रोमिंगच्या लिंकसेटवर एसआयओमध्ये एससीसीपी (जीटीवरून संदेश पोचवणारा थर, सेवा निर्देशक ३) आणि व्यवस्थापन व चाचणीचे ० आणि १ एवढेच उघडे. आयएसयूपीचा (कॉल जोडण्याच्या संदेशांचा) ५ तिथे बंद. एससीसीपीसाठी डीपीसी फक्त गेटवेचा स्वतःचा. बाहेरून कोणी थेट एचएलआरच्या (आपल्या ग्राहकांच्या मुख्य नोंदवहीच्या) पॉइंट कोडवर संदेश पाठवत असेल, तर त्याला तो कोड माहीत असण्याचंच कारण नाही. कॉल्ड पार्टीत 'एसएसएनवर (नोडमधल्या उपप्रणालीच्या क्रमांकावर) राउट करा' असा निर्देशक लावून आलेलं सगळं नाकारायचं. त्याला अपवाद उपप्रणाली व्यवस्थापनाचा, म्हणजे एसएसएन १ चा, आणि तोही लगतच्या नोडकडूनच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याच देश कोड आणि नेटवर्क कोडने सुरू होणारा कॉलिंग जीटी बाहेरच्या लिंकसेटवरून आला, की तो तिथेच अडवा. हा एकच नियम लावायला अर्धा तास लागतो. तो नसणं म्हणजे दार सताड उघडं ठेवणं.

टीकॅप_बिगिन

शेवटचा नियम तेवढा मान्य. बाकी सगळं गेटवेवर लादायला माझा ठाम विरोध आहे. एसटीपी प्रत्येक संदेश सुटा बघतो, संवादाची स्थिती त्याला ठाऊक नसते.

ऑपकोडचंच (संदेश काय करायला सांगतो त्या क्रमांकाचंच) घ्या. मोबाइल ऑपरेटरांची जागतिक संघटना जीएसएमए, तिच्या एफएस.११ या एसएस७ सुरक्षा मार्गदर्शिकेतली पहिली श्रेणी सोपी: ग्राहक कुठे आहे हे विचारणारं एनीटाइम इंटरॉगेशन ७१, सेंड आयएमएसआय ५८, सेंड राउटिंग इन्फो २२. स्वतंत्र करार नसेल तर बाहेरून येण्याचा प्रश्नच नाही. पण हे एसटीपीवर अडवताना तो बहुधा टीकॅपच्या (विनंती-उत्तरांचा संवाद चालवणाऱ्या थराच्या) सुरुवातीच्या 'बिगिन'मधला पहिला कंपोनंट (एक विनंती किंवा उत्तर) वाचतो. हल्लेखोर रिकामा 'बिगिन' पाठवतो आणि इन्व्होक (खरी विनंती) पुढच्या 'कंटिन्यू'मध्ये घालतो. नाहीतर एका संदेशात दोन कंपोनंट ठेवतो, पहिला निरुपद्रवी आणि खरा दुसरा. किंवा ऑपकोड लोकल स्वरूपात (टॅग ०२) न देता ग्लोबल स्वरूपात (टॅग ०६) देतो. फिल्टर ०२ शोधत बसतो आणि संदेश आत जातो. रिकामा 'बिगिन' सरसकट अडवताही येत नाही, लांब एसएमएसच्या वेळी तो कायदेशीरपणे येतो.

एक्सयूडीटीचे (मोठा मजकूर तुकड्यांत नेणाऱ्या एससीसीपी संदेशाचे) तुकडे ही वेगळीच डोकेदुखी. दुसऱ्या तुकड्यात ऑपकोड नसतोच. पाच क्विंटुप्लेट (ओळखपडताळणीचे पाच-पाच मूल्यांचे संच) असलेलं सेंड ऑथेंटिकेशन इन्फोचं उत्तर चारशे बाइटांच्या वर जातं, ते एका यूडीटीत (तुकडे न होणाऱ्या साध्या संदेशात) मावत नाही. 'ऑपकोड दिसला नाही, नाकारा' असा नियम लिहिला की आपल्याकडे आलेल्या परदेशी रोमरांची ओळखपडताळणीच बंद पडते. तुकडे जोडून वाचणं हे फायरवॉलचं काम.

एनपी_सात

दोघांच्याही नियमांत एक खड्डा आहे. कॉल्ड पार्टीत 'नंबरिंग प्लॅन १, नेचर ४' (नेहमीचा आंतरराष्ट्रीय फोन नंबर) एवढंच उघडलंत, तर आपल्या ग्राहकांचं परदेशातलं पहिलं अपडेट लोकेशनच (ग्राहक कुठे आहे याची एचएलआरकडची नोंद) मरेल. तेव्हा व्हीएलआरकडे (तिथल्या जाळ्यातल्या पाहुण्या ग्राहकांच्या नोंदवहीकडे) एचएलआरचा पत्ता नसतो. तो आयएमएसआयवरून (सिममधल्या ग्राहक क्रमांकावरून) ई.२१४ चा जीटी बनवतो: एमसीसी-एमएनसीच्या (त्यातल्या देश आणि जाळ्याच्या अंकांच्या) जागी फोन नंबरमधला देश कोड आणि नेटवर्क कोड, पुढे एमएसआयएन (उरलेले ग्राहकाचे अंक) जसाच्या तसा. नंबरिंग प्लॅन ७. उत्तर अमेरिकेतल्या जाळ्यांकडून तो ई.२१२ (न बदललेला आयएमएसआय) म्हणून, प्लॅन ६ ने येतो. हे दोन्ही उघडे हवेत, पण फक्त एचएलआरकडे जाणाऱ्या रांगेपुरते.

उलट बाजूही तपासा. कॉलिंग जीटीचा नियम फक्त प्लॅन १ वर जुळवला असेल, तर तोच खोटा पत्ता प्लॅन ७ लावून बिनबोभाट आत येतो. स्वतःच्या जीटीचा नकार सर्व प्लॅनना आणि सर्व भाषांतर प्रकारांना लागू हवा.

त्या नियमाला अपवादही असतात, ते आधी शोधा. रोमिंग स्टिअरिंग (ग्राहकाला पसंतीच्या परदेशी जाळ्यावर वळवणं) किंवा स्वागत-एसएमएसची यंत्रणा बाहेरच्या पुरवठादाराकडे असेल, तर ती तुमच्याच जीटी रांगेतला पत्ता वापरत असू शकते. तेवढे पूर्ण जीटी, एकेक अंक लिहून, नकाराच्या वर ठेवा. उपसर्ग लिहू नका.

लिंकसेट_नऊ

@टीकॅप_बिगिन, ऑपकोडची पळवाट मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही युक्त्यांत हल्लेखोराला कॉलिंग जीटी द्यावाच लागतो. रोमिंग करार नसलेल्या जाळ्याचा जीटी गेटवेवरच पडला, तर पुढचं टीकॅप कोणी वाचायचीही गरज उरत नाही. फायरवॉलवरचा भार कमी होतो तो वेगळाच.

टीकॅप_बिगिन

पण करार असलेल्या जाळ्याचा जीटी भाड्याने मिळत असेल तर? २०१७ मध्ये जर्मनीत बँकेचे एसएमएस कोड वळवून ग्राहकांची खाती रिकामी केली गेली, तेव्हा संदेश एका परदेशी ऑपरेटरच्या जाळ्यातून आले होते. एसएमएस वळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे खोटं अपडेट लोकेशन, ऑपकोड २. ती तिसरी श्रेणी, रोज हजारोंनी येणारा वैध संदेश. खरं-खोटं ठरवायला ग्राहक आधी कुठे होता आणि तेवढ्या वेळात तिथून इथे पोचणं शक्य आहे का, हे बघावं लागतं. शिवाय मॅपमधला (टीकॅपच्या आतल्या मोबाइल सेवेच्या संदेशातला) व्हीएलआर नंबर आणि एससीसीपीमधला कॉलिंग जीटी एकाच जाळ्याचे आहेत का, हेही. एसटीपीची स्थिर यादी यातलं काहीच करत नाही. आणि 'गेटवे कडक आहे' या समाधानात फायरवॉल वर्षभर नुसता निरीक्षणावर पडून राहतो, हा माझा खरा आक्षेप आहे.

टीएफपी

व्यवस्थापनाच्या संदेशांवर दोघांनीही एका ओळीत काम उरकलंय. सेवा निर्देशक ० सरसकट उघडा ठेवला, तर बाहेरचा नोड टीएफपी पाठवून 'तुमच्या एचएलआरकडे जाणारी वाट बंद' असं तुमच्याच गेटवेला सांगू शकतो. म्हणून बाधित पॉइंट कोड तपासा, टीएफपी फक्त त्या भागीदाराच्या पलीकडच्या कोडांबद्दलच स्वीकारा. घाबरून ० पूर्ण बंद केला तर टीएफसी (वाटेवर गर्दी झाल्याचा इशारा) आणि टीएफपी दोन्ही पोचत नाहीत, गेटवे मेलेल्या वाटेवर संदेश ढकलत राहतो आणि तुमच्या आलेखात काहीच लाल दिसत नाही. उपप्रणाली बंद झाल्याचा एसएसपी येतो, त्यालाही हीच तपासणी लावा.

आणि नियम थेट चालू करू नका. ईगल या एसटीपीवर लिंकसेटला जीडब्ल्यूएसए (प्रत्यक्ष अडवणं) ऑफ आणि जीडब्ल्यूएसएम (नकाराची नोंद) ऑन ठेवलं की नियम तपासले जातात, नकाराची नोंद पडते, पण संदेश पुढे जातो. असं किमान एक बिलिंग महिना चालवा. आठवड्याभरात काही भागीदारांचा एकही रोमर दिसत नाही. जीटी यादी आयआर.२१ (प्रत्येक भागीदार आपल्या जाळ्याची रोमिंग माहिती देतो तो दस्तऐवज) वरून बनवली असेल, तर बदल 'लागू होण्याच्या तारखे'च्या आधीच टाका. भागीदाराने नवा एमएससी (कॉल हाताळणारा स्विच) सुरू केला आणि तुमची यादी जुनी, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

एनपी_सात

नाकारल्यावर करायचं काय, हे राहिलंच. गप्प टाकून दिलं तर समोरचा व्हीएलआर अपडेट लोकेशनसाठी १५ ते ३० सेकंद थांबतो. फोनचा टी३२१० घड्याळ (नोंदणीच्या उत्तराची वाट पाहण्याचा) २० सेकंदांचा. फोन पुन्हा प्रयत्न करतो, असे चारदा. भागीदाराला फक्त टाइमआउट दिसतात, आणि दोष यादीत आहे हे कळायला दिवस जातात. रिटर्न-ऑन-एरर मागितलेलं असेल तर कारणासह यूडीटीएस (संदेश पोचवला नाही असं सांगणारं उत्तर) परत पाठवा.

लिंकसेट_नऊ

ऑपकोड २ आणि ५६ (सेंड ऑथेंटिकेशन इन्फो) साठी चालेल. ७१ साठी मुळीच नाही. कॉलिंग जीटी खोटा असेल तर यूडीटीएस भलत्याच जाळ्यावर जाऊन आदळतो, आणि खरा असेल तर चाचपणी करणाऱ्याला आपण फिल्टरची हद्द स्वतः आखून देतो.

टीकॅप_बिगिन

हे बरोबर. पण मग तुमच्या गेटवेला नाकारण्याआधी ऑपकोड वाचावा लागणार, आणि तो नीट वाचता येत नाही हाच तर माझा पहिल्यापासूनचा मुद्दा आहे. कॉलिंग जीटीवर पडलेलं सगळं गप्प टाका, यूडीटीएसचा निर्णय तुकडे जोडणाऱ्यावर सोडा. टाइमआउटची तक्रार टाळायची असेल, तर नकाराचा काउंटर भागीदारनिहाय ठेवा आणि करार असलेल्या जाळ्याच्या उपसर्गावर एकही नकार पडला की लगेच अलार्म लावा.