मदत हवी आहे : गंजून बसलेली कॉटर पिन कशी काढावी?

वडिलांची जुनी सायकल मी घरीच दुरुस्त करीत असून, डाव्या क्रँकमधील (पेडलच्या दांड्यातील) ९.५ मिलिमीटर जाडीची कॉटर पिन, म्हणजे क्रँक आसाला घट्ट धरून ठेवणारी पाचरीसारखी खीळ, गंजामुळे इतकी घट्ट बसली आहे की, तीन दिवस तेल सोडूनही ती तसूभर हललेली नाही. सी-क्लॅम्प आणि नळीचा आखूड तुकडा यांपासून मी एक दाबयंत्र तयार केले. पिनचे जाड टोक नळीत शिरते आणि क्लॅम्पचा स्क्रू आट्यांच्या बाजूने दाब देतो. मात्र दाब वाढवताच क्लॅम्पच वाकू लागतो. हातोडी वापरणे मला धोक्याचे वाटते, कारण आट्यांचे टोक एकदा चेपून पसरले की पिन छिद्रातून निघत नाही, शिवाय घावाने बेअरिंगच्या वाट्यांवर खड्डे पडू शकतात. अशा वेळी क्रँक तापवावी, की पिनमध्ये ड्रिलने भोक पाडावे? क्रँकवरचा मूळचा क्रोमचा मुलामा अजून चकचकीत आहे आणि तो मला मनापासून जपायचा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.