मदत हवी आहे: एकट्या सीबी सेटवर एएम स्वच्छ, अँप्लिफायर जोडला की आवाज फाटतो (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. हॅम (हौशी रेडिओ) परवाना आहे. जुना ४० चॅनेलचा सीबी (सिटिझन्स बँड, सर्वसामान्यांसाठीचा छोटा रेडिओ) सेट हॅमच्या १० मीटर बँडवर आणून २९.०५ मेगाहर्ट्झच्या आसपास एएमवर (आवाजाप्रमाणे लाटेची उंची बदलते ती पद्धत) बोलतो. सेट एकटा असला की समोरचे म्हणतात आवाज मोकळा आहे, शब्दन्‌शब्द कळतो. मागे छोटा अँप्लिफायर जोडला की तोच आवाज दबका होतो आणि जरा जोरात बोललं की चक्क फाटतो. तीन आठवडे झाले, यातच अडकलोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सीबीचा पट्टा विनापरवाना आहे, पण मर्यादा ५ वॅटची. तिथे अँप्लिफायर लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच सेट हॅमच्या पट्ट्यात आणला.

आता मांडणी. अँप्लिफायर दोन आयआरएफ५३० मॉस्फेटचा (पॉवर ट्रान्झिस्टर), पुश-पुल (दोघे लाटेचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतात), सुटे भाग मागवून स्वतः जोडलेला. सप्लाय १३.८ व्होल्ट, २० अँपिअरचा. बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा करंट) प्रत्येक मॉस्फेटला २० मिलिअँपिअरवर ठेवलाय. सगळी मोजमापं ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाच्या जागी पॉवर पचवणारा रेझिस्टर) घेतली आहेत, अँटेनावर नाही.

सेटमधून ४ वॅट कॅरिअर (न बोलताही जाणारी मूळ लाट) दिला की अँप्लिफायरमधून ३२ वॅट निघतात. इथवर मी खूष होतो. पण माईकमध्ये बोललं की सुई ३२ वरून २८ वर उतरते! एकट्या सेटवर बोलताना ती किंचित वर जाते, इथे उलटं. मीटर पीकवर (क्षणिक कमाल पॉवर) ठेवला तर कितीही ओरडा, ३८ च्या पुढे सरकत नाही. बोलताना अँप्लिफायरच्या टोकांवर व्होल्टेज १२.७ पर्यंत पडतं, तेही लिहून ठेवतो.

अंबडच्या एका वर्कशॉपमधून मित्राने २० मेगाहर्ट्झचा सीआरओ (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) दोन दिवसांसाठी दिला. २९ मेगाहर्ट्झला तो उंची कमी दाखवतो हे माहीत आहे, पण लाटेचा आकार कळायला पुरेसा आहे. १ किलोहर्ट्झचा टोन दिला. एकट्या सेटची लाट बघत राहावी अशी: गोल माथे, मध्ये नीट निमुळती कंबर. अँप्लिफायरनंतर कंबर जवळपास तशीच, पण माथे वरवंटा फिरवल्यासारखे सपाट.

मग वाटलं ड्राइव्ह जास्त होतोय. सेटमधला कॅरिअरचा ट्रिमर (कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून २ वॅट केले. आवाज सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडला. हे मला अजिबात उलगडलं नाही.

दोघांनी सल्ला दिला की सेटमधला लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारा भाग) तोडून टाक, आवाज दणदणीत होईल. ते मी करणार नाही. मॉड्युलेशन (कॅरिअरवर चढवलेला आवाज) शंभर टक्क्यांच्या वर गेलं की खालच्या टोकाला कॅरिअर मध्येच नाहीसा होतो आणि आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर घाण पसरते. शिवाय ओझरचा विमानतळ इथून लांब नाही. २९.०५ ची चौथी हार्मोनिक (चौपट फ्रिक्वेन्सीची नको असलेली लाट) ११६.२ ला पडते, म्हणजे थेट विमानांच्या दिशादर्शनाच्या पट्ट्यात. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बसवलाय, तरी त्या बाबतीत मला कसलीही जोखीम नको.

एएमच का, असं काही जण विचारतात. वडील ट्रान्झिस्टरवर ५५८ किलोहर्ट्झला मुंबईची अस्मिता वाहिनी लावायचे. तो भरलेला, उबदार आवाज अजून कानात आहे. आपल्या सेटवरून तसं बोलता यावं, एवढीच इच्छा.

तर नेमकं काय चुकतंय? बायस, सप्लाय की आणखी काही?

प्रतिसाद

भाऊ, तुमची मोजमापंच उत्तर देतायत. शंभर टक्के मॉड्युलेशनला पीक पॉवर कॅरिअरच्या चौपट लागते. सेट ४ वॅटला १६ चे पीक देतो, म्हणून एकटा छान वाजतो. अँप्लिफायरमधून ३२ चा कॅरिअर काढायचा तर त्याला १२८ चे पीक देता यायला हवेत आणि त्याचा दम ३८ ला संपतो. माथे सपाट होणारच. ३८ भागिले ४, म्हणजे तुमचा कॅरिअर ९ वॅटच्या वर नको.

ट्रिमरचं कोडं असं आहे. तुम्ही कॅरिअर अर्धा केलात, पण ऑडिओ होता तेवढाच राहिला. त्यामुळे वर अँप्लिफायर कापतोय आणि खाली कॅरिअर तुटतोय, दोन्हीकडून मार. सीआरओवर तेव्हा कंबरेच्या जागी सपाट रेघ दिसली असेल. ट्रिमर परत ४ वॅटवर आणा आणि सेट व अँप्लिफायरच्या मध्ये ६ डेसिबलचा पॅड (पॉवर चौथाईवर आणणारं रेझिस्टरचं जाळं) घाला. पॅडमध्ये कॅरिअर आणि मॉड्युलेशन एकाच प्रमाणात उतरतात, आकार बदलत नाही.

पॅडला सहा रेझिस्टर पुरतात, सगळे १५० ओहमचे. सेटच्या बाजूला एक ग्राउंडला, अँप्लिफायरच्या बाजूला एक ग्राउंडला आणि मधल्या वाटेत चार समांतर, म्हणजे साडेसदतीस ओहम. सेटच्या बाजूचा ३ वॅटचा घ्या, बाकीचे २ वॅटचे चालतील. मेटल ऑक्साइड घ्या, वायरवाउंड अजिबात नको, त्यात कॉइल असते. पॅड रिलेच्या (बोलणं-ऐकणं बदलणारा स्विच) आत, फक्त ट्रान्समिटच्या वाटेवर ठेवा, नाहीतर ऐकायलाही कमी येईल.

बायस २० मिलिअँपिअर कमीच आहे, त्याने हळू आवाज खरखरतो. माझ्याकडे अशाच अँप्लिफायरला प्रत्येकी १०० ठेवलाय. पण हीटसिंक तापल्यावर पुन्हा मोजा. मॉस्फेट तापला की हा करंट चढतो आणि लक्ष नसलं तर चढतच जातो. सप्लायची वायर जाड आणि आखूड करा, एक व्होल्टाहून जास्त तिथेच जातोय.

आणि एक मनापासून सांगतो. ४ चे ९ वॅट म्हणजे साडेतीन डेसिबल, एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) जेमतेम अर्धं घर. तेवढाच फायदा कदाचित अँटेना गच्चीवर आणखी उंच नेऊनही मिळेल. लिमिटरला हात लावला नाहीत, ते उत्तम केलंत.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. ट्रिमर फिरवल्यावर कंबरेच्या जागी सपाट रेघच होती. मी तिला फोकसचा दोष समजलो होतो.

रविवारी पॅड जोडला. वायर ४ चौरस मिलिमीटरची, हातभर लांब घेतली. बायस थंड असताना १०० ला लावला, अर्ध्या तासाने १३० झाला होता, तेव्हा गरम असतानाच खाली आणून १०० केला. आता कॅरिअर साडेआठ वॅट, बोलताना व्होल्टेज १३.५ च्या खाली जात नाही आणि सुई किंचित वर जाते. सीआरओ परत करायच्या आधी टोन देऊन पाहिलं, माथे गोल आहेत. ओझरच्या मित्राने सांगितलं की आता अँप्लिफायर चालू आहे की बंद, हे आवाजावरून ओळखू येत नाही, फक्त सिग्नल जरा वाढलेला दिसतो.

आता उरलं हार्मोनिकचं. फिल्टरनंतर ५८.१, ८७.१५ आणि ११६.२ ला किती शिल्लक राहतंय ते मला मोजायचंय आणि ते होईपर्यंत अँप्लिफायर अँटेनाला जोडणार नाही. ओझरच्या त्या चाचणीपुरता पाच मिनिटं जोडला होता, तेही घाई झाली असं आता वाटतं. नाशिक, सिन्नर किंवा निफाडकडे कुणाकडे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आहे का? छोटा हातातला असला तरी चालेल. सगळं सामान, डमी लोड आणि सप्लायसकट, मी तुमच्याकडे घेऊन येईन.