तरण तलावाचा परवाना आहे, पण पाण्याचे काय?

प्रश्न: मुलगी शिकायला जाते त्या तलावावर परवाना दर्शनी भागात लावलेला आहे, तरीही तिचे डोळे रोज लाल होतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो. क्लोरीन जास्त पडत असेल का?

प्रतिसाद १: बहुधा उलटच असते. घाम आणि लघवीतील नत्रयुक्त (नायट्रोजन असलेल्या) घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात, आणि डोळ्यांची चुरचुर व तो वास त्यांचाच असतो. मुक्त क्लोरीन, म्हणजे असा संयोग न झालेला, जंतू मारायला शिल्लक असलेला क्लोरीन, किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ असावा, सामू त्यापुढे गेल्यास क्लोरीनची जंतुनाशक शक्ती झपाट्याने घटते. परवाना एकदा मिळतो, पाणी मात्र तासातासाला बदलते, म्हणून या मोजणीची रोजची नोंदवही पाहायला मागा.

प्रतिसाद २: मी तलावाची देखभाल केली आहे. आठवडाभराचे आकडे एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेले आणि तंतोतंत सारखे दिसले, तर मोजणी झालेलीच नाही असे मी समजतो. शिवाय जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही ७ दिवसांहून अधिक तग धरू शकतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्याच नोंदवही मागते.