मदत हवी आहे: निरीक्षणाच्या रकान्यात मुलं अनुमानच लिहितात (लाजाळूचा प्रयोग)

पानफुटी: लाजाळूचा प्रयोग घेतला. 'निरीक्षण' या मथळ्याखाली बहुतेकांनी लिहिलंय, "स्पर्श होताच झाड लाजते व स्वतःचे रक्षण करते." निरीक्षण आणि अनुमानाच्या व्याख्या आधीच फळ्यावर दिल्या होत्या, मुलांच्या त्या पाठ आहेत. शिवाय दोन कुंड्यांत पानं मिटलीच नाहीत. सोमवारी पुन्हा तासिका आहे. व्याख्या नकोत, वर्गात नेमकं काय करू ते सांगा.

सूक्ष्मदर्शी: कितवी? मुलं किती, कुंड्या किती, तास किती मिनिटांचा? आणि मिटली नाहीत म्हणजे उघडीच राहिली, की आधीपासून मिटलेली होती?

पानफुटी: अकरावी. 60 मुलं, 4 कुंड्या, 40 मिनिटं. आधीपासून मिटलेली होती. कुंड्या आवारातून ऐनवेळी आत आणल्या होत्या.

सूक्ष्मदर्शी: मग घोळ तिथेच आहे. कुंडी हलली की पानं मिटतात आणि नीट उघडायला 15-20 मिनिटं घेतात. कुंड्या तासाआधी अर्धा-पाऊण तास खिडकीशी उजेडात ठेवा. एका कुंडीला 15 मुलं आहेत, सगळ्यांनी हात लावला तर चौथ्या-पाचव्याला उघडं पान मिळणारच नाही. गटात एकच स्पर्श करणारा, एक घड्याळ धरणारा, दोघे मोजणारे, बाकीचे लिहिणारे.

स्पर्श बोटाने नको, कोरड्या रंगाच्या ब्रशने करा, तोही टोकाच्या एकाच पर्णिकाजोडीला (पर्णिका म्हणजे पानाच्या दांडीवरची समोरासमोरची छोटी पानं). किती जोड्या मिटल्या, कोणत्या क्रमाने, किती सेकंदांत, देठ झुकला का, हे लिहून घ्या. आकडे मागितले की 'लाजते' लिहायला जागाच उरत नाही.

अधिकउणे: आकडे हवेतच, पण खरी अडचण भाषेत आहे. निरीक्षणाच्या रकान्यात 'मुळे', 'साठी' आणि 'म्हणून' हे तीन शब्द बंद करा. "ब्रश लागल्यावर 2 सेकंदांत 6 जोड्या मिटल्या" हे निरीक्षण. "ब्रश लागल्यामुळे" म्हटलं की अनुमान झालं. एका 'मुळे'चा फरक आहे, तो मुलांना लगेच पकडता येतो.

मग ते अनुमान हलवून बघा. पेटत्या उदबत्तीचं टोक पर्णिकेपासून साधारण 1 सेंमीवर धरा, टेकवू नका. तरीही पर्णिका मिटतात, बरेचदा शेजारचं पानही झुकतं. मग "स्पर्शामुळे मिटते" एवढं पुरत नाही, मुलांना स्वतःचं वाक्य दुरुस्त करावं लागतं. आणि कुंडीवर 'लाजाळू' लिहू नका, नुसतं 'क' लिहा. त्या नावातच अनुमान भरलंय.

रानमेवा: रोपं वाढवायची असतील तर बिया रात्रभर गरम पाण्यात भिजवा, टरफल फार टणक असतं. काटे असतात, लहान मुलांपासून दूर ठेवा.

फुगाबाटली: रोपं कोणी विचारली नव्हती. मी म्हणतो, लाजाळू सोडाच, यीस्ट घ्या. 100 मिली कोमट पाणी, चमचाभर साखर, अर्धा चमचा यीस्ट, बाटलीच्या तोंडाला फुगा. दुसरी बाटली साखरेविना. पाणी कढत नको, यीस्ट मरतं.

अधिकउणे: फुगा नीट उभा राहायलाच अर्धा तास जातो, लिहायचं कधी? शिवाय अकरावीच्या मुलांना 'कार्बन डायऑक्साइड' आधीच पाठ असतो. डोळ्यांना दिसतो तो फुगा, पण वहीत उतरतो तो वायू.

सूक्ष्मदर्शी: थोडं अवांतर, पण 'क'चीच गोष्ट आहे. 1729 मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-जाक द मेराँ या शास्त्रज्ञाने असं झाड अंधारात ठेवलं. पानं तरीही दिवसा उघडत आणि रात्री मिटत. अनुमान निघालं की झाडाला न दिसताही सूर्य जाणवतो. 1832 मध्ये द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्थिर परिस्थितीत हीच उघडझाप मोजली, ती 22-23 तासांची निघाली. सूर्य जाणवत असता तर 24 तासांचीच असती. पहिलं निरीक्षण शाबूत राहिलं, अनुमान गेलं. वर्गात पाच मिनिटं यावर जरूर द्या.

पानफुटी: देते. उदबत्तीने पान करपलं तर? आणि 'रक्षणासाठी' हे वाक्य खोडायचं का?

अधिकउणे: दोन-तीन सेकंदांतच बाजूला घ्या. ते पान करपू शकतं, म्हणून हा भाग शेवटी, कुंडीत एकाच पानावर. 'रक्षणासाठी' खोडू नका ताई. शेजारी 'कसं तपासाल?' असा रकाना काढा. तिथे मुलांनी लिहायचं की अळी मिटलेलं पान कमी खाते की उघडं, हे मोजायचं कसं, किती अळ्या, किती तास.