डिग्री हातात पडली नाही तोच सल्ले द्यायचे?

वाळूज_प्रेसशॉप: काल एका पोराची पोस्ट फिरायली. ‘एमपीएससीत वर्षं घालवू नका, वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात सेफ्टी शूज घालून उभं राहू नका, डिग्री झाली की थेट कन्सल्टिंगला जा, दोन वर्षांत दहा इंडस्ट्री बघाल.’ बघाल हो, खिडकीतून. मॅकिन्सी, बीसीजी, बेन हे कंपन्यांना सल्ले विकणारे बडे, ते आयआयटी-आयआयएमच्या दारात उभे असतात, आपल्या कॉलेजात कशाला येतील? बाकीच्यांच्या नशिबी एक्सेल अन् रात्री दोनला पीपीटीतले बाण सरळ करणं. आधी दोन-तीन वर्षं शॉपफ्लोअरवर काढा, रिजेक्शनचा ढीग बघा, कस्टमरच्या शिव्या खा. बावीस वर्षांचं लेकरू उभा जन्म डाय (पत्रा दाबायचा साचा) बसवण्यात गेलेल्या माणसाला काय शिकवणार?

नांदेड_ते_हैदराबाद: दादा, तुमची स्वतःची कंपनी आहे, तुमचं बरंय. आमची कोरडवाहू जमीन, वर एज्युकेशन लोन. वाळूजला ट्रेनीचा जो पगार सांगितला त्यात बजाजनगरातली खोली अन् मेस भागली असती, हप्ता नाही. बिग फोर म्हणजे त्या चार बड्या ऑडिट-सल्लागार फर्म, त्यांतल्या एकीत सीनियरने रेफर केलं. इंटरव्ह्यूत विचारलं, हैदराबादेत रोज चहाचे किती कप खपतात? लोकसंख्या धरली, लहान लेकरं वजा केली, माणशी कप धरले. आकडा चुकलाच असेल, ते रीत बघतात. (घरी यायला देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट मात्र कन्फर्म होत नाही. तो वेगळा धागा.)

आडत_लातूर: सल्लागारांचं नाव काढू नका! आमच्या शेतकरी कंपनीचा डीपीआर (बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल) असाच एका नव्या पोराने केला. युनिट सोयाबीन क्लीनिंग-ग्रेडिंगचं, अन् आत लिहिलंय ‘कांदाचाळीतील साठवण’. वर शंभर क्विंटल आत, शंभर क्विंटल बाहेर. घट-तूट कुठंय? ऑक्टोबरात माल ओला येतो. खरेदी केंद्रावर 12 टक्के ओलावा मागतात, 2024 ला ओरड झाली तेव्हा 15 पर्यंत सूट मिळाली. वाळवण, माती, काडीकचरा, काहीच धरलं नव्हतं. बँकेच्या साहेबांनी फाइल न बोलता माझ्याकडे सरकवली.

सीए_अंबाजोगाई: त्या पोराला पैसे किती दिले होते, तेही लिहा की. तुम्हाला डीपीआर नको असतो, सबसिडीपुरतं बाड पाहिजे असतं. संचालक बैठकीला येत नाहीत, विजेचं कोटेशन देत नाहीत, ठरावावरच्या सह्या मी घरोघर फिरून आणतो.

आडत_लातूर: कमी दिले म्हणून सोयाबीनचा कांदा करायचा का? घट तर माझा हमाल तोंडी सांगतो.

सीए_अंबाजोगाई: मग डीपीआरही हमालाकडूनच करून घ्या.

आडत_लातूर: तेच करणार होतो. बँकेला सही तुमची लागते म्हणून अडलंय.

अभ्यासिका_परभणी: ‘एमपीएससीत वर्षं घालवू नका’ यावर कोणालाच काही वाटलं नाही? 2025 पासून राज्यसेवेची मुख्य वर्णनात्मक झाली, आम्ही पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलोय. जाहिरात लांबते त्यात आमचा काय गुन्हा? मोठे आले करिअर शिकवणारे.

नांदेड_ते_हैदराबाद: भाऊ, तुम्हाला इथं कोण काय म्हणलं?

जालना_मॅडम: वाळूजवाले काका, ते बावीस वर्षांचं लेकरू मीच. एका प्रेसशॉपला सेटअप टाइम (डाय बदलायला लागणारा वेळ) कमी करायला पाठवलं होतं. सुपरवायझर ‘चहा घ्या मॅडम’च्या पुढं बोलेना. स्टॉपवॉच घेऊन प्रेसजवळ उभी राहिले. डाय बदलायला पाऊण तास, त्यातला निम्मा पाना शोधण्यात अन् रॅकवरून डाय आणण्यात, तेही मशीन बंद ठेवून. पुढची डाय मशीन चालू असतानाच जवळ आणा, बोल्ट एका मापाचे करा, एवढंच लिहून दिलं. जपानात शिगेओ शिंगो या इंजिनिअरने हे कधीच सांगून ठेवलंय, माझं त्यात काही नाही. ऑपरेटरांनाही ते दिसत होतं. मालकापुढं बोलायची टाप नव्हती. मी बाहेरची, मला कोण काढणार होतं?

वाळूज_प्रेसशॉप: बरं, एखादं निघतं असं. मानलं. पण पाना कुठं ठेवायचा हे ऐकायला फी मोजायची? आमचा सुपरवायझर फुकट सांगतो.

जालना_मॅडम: सांगतो? केबिनमध्ये न बोलावता विचारून बघा एकदा.

आडत_लातूर: सीए साहेब, फोन उचला.